सोमवारी कमी भरणारी मुलं

आमच्या ऑफिसात माझ्या तोंडाला सगळे भितात, साहेबसुद्धा. संघदीप मुनेश्वर तेवढा भीत नव्हता. तो धीट होता असं नाही. त्या वर्षी त्याला कशाचंच काही वाटत नव्हतं. रागावलं तरी "हो ताई", कौतुक केलं तरी "हो ताई". एकदा चहात साखर घालायची राहून गेली, तर बाकीच्यांनी गिल्ला केला आणि हा तसाच पिऊन कप धुऊन मोकळा झाला.

मी प्रभावती. यवतमाळात आमची एक संस्था आहे, छोटीशी, भाड्याच्या तीन खोल्यांतली. कापसाचं सगळंच बिघडलं त्या वर्षांत ती सुरू झाली. ज्या घरांतले बाप गेले त्या घरांतल्या मुलांची शाळेची, वसतिगृहाची सोय लावायची, एवढंच तिचं काम. गावोगावच्या भेटी मी बघायची. गावातून आलेली माहिती उर्वशी नावाची मुलगी कम्प्युटरात टाइप करायची, आणि तो कम्प्युटर सांभाळायचं काम संघदीपचं.

तो कळंबजवळच्या खेड्यातला. वडील डोमाजी गवंडी. दुसऱ्यांची घरं बांधता बांधता म्हाताऱ्याची कंबर वाकली, पण दोन्ही पोरांना त्याने थापीला हात लावू दिला नाही. थोरला अतुल ट्रक चालवायला शिकला, धाकटा संघदीप कम्प्युटर. दोघं यवतमाळात एका खोलीत राहायचे. अतुल जिनिंगमधून कापसाच्या गाठी घेऊन जायचा आणि येताना आमच्या ऑफिससमोर ट्रक उभा करून इतक्या जोरात हॉर्न वाजवायचा, की मी खिडकीतून शिव्या द्यायची. तो खाली उभा राहून हसायचा, आणि आत संघदीप मान खाली घालून हसायचा.

मागच्या उन्हाळ्यात वणीच्या रस्त्यावर अतुलचा ट्रक उलटला. ओळख पटवायला संघदीप एकटा गेला होता. अतुलच्या मागे पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि दुसऱ्या दिवशी हा कामावर हजर. मी म्हटलं, "अरे, चार दिवस रहायचं होतं बापाजवळ." तो म्हणाला, "हो ताई," आणि कम्प्युटर सुरू केला. त्यानंतर अतुलचं नाव त्याच्या तोंडून कोणी ऐकलं नाही. रडला असता तर मला बरं वाटलं असतं. रडणाऱ्याला काय म्हणायचं ते मला कळतं. याला काय म्हणायचं ते कळत नव्हतं, म्हणून मी त्याला जेवलास का एवढंच विचारायची. काम मात्र तो पूर्वीपेक्षा जास्त करायचा.

वर्षभर असंच गेलं. मग पावसाळ्यात आमची मुलं हरवायला लागली.

मुलं म्हणजे कम्प्युटरातली. शनिवारी संध्याकाळी मोजून जावं तर सोमवारी कमी भरायची. आधी वाटलं, मोजण्यात चूक. उर्वशीने पुन्हा मोजली, मी तिच्या डोक्यावर उभी राहून मोजली, तरी कमीच. कधी दारव्ह्याकडचा एखादा मुलगा नाहीसा, कधी घाटंजीकडची मुलगी. जी टिकली होती ती जशीच्या तशी. जणू कोणीतरी येऊन वेचून वेचून नेत होतं.

आमचे साहेब सलील सर. घराण्यात तीन पिढ्या सरकारी नोकरी, स्वतः पुण्याला शिकून आलेले, मनाने चांगले. पण पडद्यावर जे दिसेल तेच खरं मानायची खोड. ते म्हणाले, "हे कोणीतरी आतलं करतंय." आत आम्ही होतो चार माणसं. ते स्वतः असणार नाहीत, माझं तर माउससुद्धा ऐकत नाही, संघदीपकडे बघून कोणाला संशय येईना. उरली उर्वशी. त्यात पासवर्ड सगळ्यांचा एकच, चिंतामणी. सरांनीच ठेवलेला आणि कोणी विसरू नये म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनाने लिहिलेला. रद्दीवाल्यालासुद्धा तो पाठ असेल. पण सर म्हणाले, "टाइप तीच करते ना?"

उर्वशी घरी जाऊन दोन दिवस जेवली नाही.

तेवढ्यात लालीचा फोन आला. महागावच्या पलीकडे एका तांड्यावर राहणारी ही मुलगी. बारावी झाली होती आणि यवतमाळला नर्सिंगच्या कोर्सला तिचा नंबर लागला होता. राहायची सोय झाली तरच ती येणार होती. शहरातल्या एका वसतिगृहात आमच्या मुलींसाठी थोड्या जागा राखून ठेवत, आणि आम्ही पाठवलेल्या यादीतल्या मुलींनाच त्या मिळत. कच्ची यादी आधीच गेली होती, पक्की शनिवारी जायची होती.

"ताई, वसतिगृहाच्या बाई म्हणतेत तुमच्या यादीत माझं नावच नाही," लाली म्हणाली. "माझा काका म्हणते, नाव नसन तं दिवाळीनंतर चाल ऊस तोडाले. मुकादमाजवळ कोयता बी लिहून घेतला त्यानं माझ्या नावचा."

उर्वशीने कम्प्युटरात पाहिलं. वडील शंकरसिंग राठोड, मयत. आई जमनाबाई. मुलगी एक, केसली. मयत.

सर म्हणाले, "एकच मुलगी आणि तीही वारलेली. मग फोन करणारी कोण?"

"भूत असेल," मी म्हटलं. "भुतं हल्ली नर्सिंग करतात."

सर हसले नाहीत. मी या लालीला भेटले होते, तिची माहिती मीच आणली होती. पण माझ्या भेटी पुष्कळ आणि माझ्या शब्दापेक्षा कम्प्युटरचा शब्द वजनदार. उर्वशी मग रडवेल्या आवाजात म्हणाली, "ताई, हिची नोंद मी दोनदा टाकली. दोन्ही वेळा सोमवारी गायब झाली. मी काढली नाही, आईची शपथ."

म्हणजे पुन्हा टाइप करूनही उपयोग नव्हता. काही मुलं टाकली की जाणारच होती. आणि असं येऊन जाणारं नाव सर शनिवारच्या यादीत घेणार नव्हते. लालीच्या हातात पुस्तक येतं की कोयता, ते आमच्या त्या डब्यावर ठरणार होतं. मला इतका राग आला, की राग कोणावर काढावा तेच सुचेना.

संघदीपने बोलणं सगळं ऐकलं होतं. त्याने मागच्याच आठवड्यात, कोणी न सांगता, कम्प्युटरात एक बंदोबस्त करून ठेवला होता: काहीही बदललं की कोणाच्या नावाने बदललं आणि कधी, हे आपोआप नोंदलं जाईल. आता त्याने ते उघडलं. आम्ही सगळे त्याच्या खुर्चीमागे गोळा झालो. मुलं जात होती रविवारी दुपारी, ऑफिसला कुलूप असताना. आणि नाव येत होतं संघदीप मुनेश्वर.

उर्वशीवरचा आळ गेला होता, तरी ती संघदीपकडे बघून घाबरली.

सर सावकाश म्हणाले, "संघदीप?"

"माझंच नाव आहे सर," तो म्हणाला. "मंग मीच असीन."

"अरे, असीन काय?" माझा तोल गेला. "रविवारी कुठं होतास तू?"

"कळंबले गेलतो. बाबाजवळ."

"मग इथं कोण होतं, तुझा..." पुढचा शब्द मी गिळला. तुझा भाऊ, असं म्हणणार होते मी. आमच्याकडे असंच म्हणतात. त्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

मग त्याने शोधायला घेतलं. त्याच्यावर आळ आला होता, पण जीव वाचवायची धडपड त्याच्यात नव्हती. जेवणाची सुट्टी झाली तरी तो बसून होता. तिसऱ्या प्रहरी म्हणाला, "सापडलं." माणूस कोणी नव्हतंच. कम्प्युटरला कधीतरी एक हुकूम देऊन ठेवला होता: दर रविवारी दुपारी, कोणी काम करत नसताना, सगळ्या नोंदी तपासायच्या आणि एकच मूल दोनदा नोंदलं गेलं असेल तर नंतरची नोंद काढून टाकायची. हुकूम संघदीपच्या नावाने चालत होता, म्हणून नाव त्याचं येत होतं.

"हा हुकूम दिला कोणी?" सरांनी विचारलं.

"मीच. तारीख मागच्या उन्हाळ्यातली आहे." त्याने पडद्यावर तारखेखाली बोट ठेवलं. "लिहिल्याचं आठवत नाही."

तारीख मी पाहिली. अतुलला जाऊन पंधरवडाही झाला नव्हता तेव्हाची होती.

हुकूम वाईट नव्हता. आमच्या भागात एका मुलाला दोन नावं असतात. घरी बबली, शाळेत वैशाली. एक कार्यकर्ता घरचं नाव आणतो, दुसरा शाळेचं, आणि एका मुलीच्या दोन होतात. म्हणून संघदीपने नावावर भरवसाच ठेवला नव्हता. बाप तोच, आई तीच, गाव तेच आणि जन्मतारीखही तीच, म्हणजे मूल तेच, असा त्याचा हिशेब. वर्षभर हा हुकूम निमूट पडून होता, कारण आमच्याकडे नुसती वयं होती. यंदाच्या जूनपासून आम्ही शाळेच्या दाखल्यांवरून जन्मतारखा टाकायला लागलो, आणि त्याला खाणं मिळालं.

"नियम तर बरोबर आहे," सर म्हणाले. "म्हणजे ही लाली आणि केसली एकच असणार."

"एक मेलेली आणि एक फोनवर बोलणारी?" मी म्हटलं.

संघदीप म्हणाला, "जाऊन पाहू."

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीने महागावला गेलो आणि तिथून ऑटोने तांड्यावर. रस्त्यात दोन्ही बाजूंना कापसाची पऱ्हाटी उभी होती, कुठे लालसर पडलेली. संघदीप खिडकीशी होता, पण बघत काही नसावा.

जमनाबाई अंगणात गुरांपुढं उरलेलं तुरीचं कुटार झाडत होती. "आव, बेस बाई," म्हणत तिने बाज टाकली. लाली आतून पाणी घेऊन आली. चांगली उंचीपुरी, ठणठणीत पोरगी. मी संघदीपला म्हटलं, "घे, बघून घे तुझं भूत." त्याने तांब्या घेतला आणि पाणी प्यायला.

मी जमनाबाईला विचारलं, "तुला मुली किती?"

"दोन. केसली मोठी, हे लाली धाकटी. केसली गेली कावीळनं, दोन सालं झाली."

"जुळ्या होत्या का?"

ती हसली. "जुळ्या कायच्या? लाली पोटात होती तवा केसली मले लाकडं उचलू लागे."

"मग दोघींची जन्मतारीख एक कशी?"

"ते मास्तरनं केलं," जमनाबाई म्हणाली. "यायच्या बापानं दोघीले एकाच दिवशी शाळेत नेलं. केसली आधी एकटी जायेच ना, लाली सोबतीले पाहिजे म्हने. मास्तरनं इचारलं, जलम कधीचा? बाप म्हने, एक झाली तवा ऊन होतं, दुसरी झाली तवा बी ऊनच होतं. मास्तरनं दोघीची बी एक जून टाकून देल्ली. साल बी एकच. शाळेत घ्याले पाहिजे तेच साल."

मी कपाळावर हात मारून घेतला. एक जून! आमच्या जिल्ह्यात निम्मी माणसं एक जूनला जन्मली आहेत. आईबापांना तारीख ठाऊक नसते, शाळा जूनमध्ये उघडते, मास्तर एक जून लिहून टाकतो आणि पुढे जन्मभर तोच वाढदिवस. माझी स्वतःची तारीखसुद्धा असल्याच एका मास्तरांच्या कृपेची. आणि खेड्यात भावंडांना शाळेत घालतात ती जोडीने, म्हणजे थोरल्याने धाकट्याला सांभाळावं. बाप तोच, आई तीच, गाव तेच, आणि तारीखही एकच! जी भावंडं हात धरून शाळेत गेली होती, नेमकी तीच आमच्या कम्प्युटरने दोनाची एक करून टाकली होती. लाली तर अशा बहिणीत मिसळली होती जी आता नव्हतीच.

मला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली. संघदीप हातातला रिकामा तांब्या खाली ठेवायचा विसरला होता.

परतीच्या गाडीला वेळ होता. महागावच्या स्टँडवर बाकावर बसलो. मी भजी घेतली, त्याच्यापुढे कागद धरला. त्याने एक उचललं आणि हातातच धरून ठेवलं.

"ताई, आमी बी तसेच," तो म्हणाला.

"कसे?"

"मी अन् अतुल. बाबानं दोघांलेही एकाच दिवशी शाळेत टाकलं. तो सातचा होता, मी पाचचा. मास्तरनं एकच तारीख देल्ली. एक जून. दहावीपर्यंत एका बाकावर बसलो आमी. पोट्टे आमाले जुळे म्हनत."

मी भज्यांचा कागद बाजूला ठेवला. "म्हणजे असं होतं हे तुला माहीत होतं?"

"लहानपणापासून मालूम आहे."

"मग तो हुकूम लिहिताना ध्यानात कसं आलं नाही?"

तो समोर लागलेल्या गाडीकडे बघत बोलला. "तेच पाहून राह्यलो ताई. सगळं आठवते मले. वणीचा दवाखाना आठवते, ट्रकचा नंबर आठवते. पण मले भाऊ होता, हे तवा मनात आलंच नाही. आलं असतं तं हात थांबला असता. जन्मतारीख एक म्हंजे माणूस एक, असं मी कसं लिहिलं? मी! अजूनबी अतुल म्हटलं तं आत काही होत नाही. म्हणून पाहतो. काहीच नाही होत."

जन्मभर माझी जीभ कोणापुढे अडली नाही, त्या बाकावर अडली. त्याची कीव आली असं नाही सांगता येणार. मला भीती वाटली. धडधाकट माणूस, जेवतो, कामाला येतो, आणि आतून इतका बधिर होऊ शकतो, की सख्खा भाऊ हिशेबातून सुटावा. मी एवढंच म्हटलं, "भजं खा. गार होऊन राह्यलं."

त्याने खाल्लं.

ऑफिसात येऊन त्याने तो हुकूम बंद केला. जुन्या सीडीवर दर महिन्याची प्रत असायची, तिच्यातून आणि उर्वशीकडच्या कागदांतून गेलेली मुलं परत आणली. उर्वशी वाचून दाखवायची, तो टाकायचा. गोधणीचे दोघे भाऊ पुन्हा दोन झाले, नेरकडच्या तीन बहिणींतल्या दोघी परत आल्या. सरांनी उर्वशीची माफी मागावी असं मला वाटत होतं. त्यांनी समोसे मागवले. त्यांच्या घराण्यात माफी अशीच मागत असावेत, म्हणून मीही जास्त ताणलं नाही. फक्त कॅलेंडरवरचा पासवर्ड त्यांच्याच हातून खोडवून घेतला. शनिवारची यादी वेळेवर गेली आणि तिच्यात लाली शंकरसिंग राठोड हे नाव होतं.

सोमवारी लाली पत्र्याची पेटी घेऊन आली. वसतिगृहात पोचवायला मी निघाले, तर संघदीप म्हणाला, "मी बी येतो." मला नवल वाटलं.

संघदीप माझ्यामागे दारात उभा राहिला. वसतिगृहाच्या बाई दमलेल्या होत्या, सकाळपासून मुली येत होत्या. मान वर न करता विचारत होत्या आणि लिहीत होत्या. नाव, गाव, आई काय करते.

"भावंडं किती?"

"आमी दोघी बहिणी," लाली म्हणाली.

"दुसरी कुठे शिकते?"

"ते वारली. कावीळ झालती."

बाईंचा पेन थांबला. वाईट नव्हत्या त्या, समजावून म्हणाल्या, "मग तू एकटीच ना गं. हयात आहेत तेवढीच सांगायची."

"नाही बाई." लालीचा आवाज चढला नाही, पण पेटीच्या कडीवरची तिची मूठ आवळली गेली. "आमी दोघी आहोत. एक गेली, तरी दोघीच. दोन लिहा."

बाईंनी तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. मग लिहिलं दोन. लालीला खाट मिळाली, खिडकीजवळची. ती पेटी घेऊन जिना चढून गेली. वरून एकदा तिने वाकून हात हलवला.

बाहेर आले तर संघदीप आधीच निघून येऊन फाटकाच्या पायरीवर बसला होता. रस्त्यावर रिक्षांची वर्दळ होती. मी म्हटलं, "चल, ऑफिसात कामं पडलीत." तो उठला नाही. मीही मग पदर सावरून त्याच्याशेजारी बसले.

"मागच्या महिन्यात खोली बदलली मी," तो म्हणाला. "नव्या घरमालकानं विचारलं, भाऊ-बहीण किती. मी म्हटलं, कोणी नाही. एकटाच आहो." त्याचा आवाज नेहमीचाच होता, सपाट. फक्त हात गुडघ्यांवर नीट राहत नव्हते, तो ते पुन्हा पुन्हा ठेवत होता. "असंच निघून गेलं तोंडातून. त्याले बी काही वाटलं नाही, मले बी नाही."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"ताई, घरमालक आता दुकानातच असते. जाऊन सांगून येऊ का?"

"काय सांगशील?"

"आमी दोघं भाऊ होतो म्हणून."

घरमालकाचं काय अडलं होतं त्यावाचून! किराणा दुकानात भर गर्दीच्या वेळी गिऱ्हाइकं ताटकळत ठेवून तो हे ऐकून घेणार आणि तोंडाकडे बघत बसणार. एरवी मी हे बोलूनही दाखवलं असतं.

"जा," मी म्हटलं. "आत्ताच जा. अन् दोघं होतो नको म्हणू. दोघं आहोत म्हण."

तो उठला. पँट झटकली आणि रस्ता ओलांडून दुकानाच्या दिशेने चालायला लागला.